ओमानमध्ये निझवा-बहलाकडे नव्याने येणाऱ्या वहिनींसाठी

व्हिसा, गॅस, मुलांची शाळा याचं कुणीही सांगेल. कहव्याचं, म्हणजे इथल्या अरबी कॉफीचं, कुणी सांगत नाही.

मस्कत सोडून ओमानच्या आतल्या गावात आलात की बायकांचं जग म्हणजे एकमेकींकडे जाणं-येणं. सकाळची कामं आटोपल्यावर किंवा अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर. चपला दाराशी, बैठक जमिनीवर, तळपाय कुणाच्या दिशेने नकोत. आधी खजूर, फळं, मग बिनसाखरेचा वेलचीचा कहवा, इवल्याशा फिंजानमध्ये. कप अर्धाच भरतात, त्याला कंजूषपणा समजू नका. उजव्या हातात घ्यायचा, पुरे झालं की हलकेच हलवून परत द्यायचा. न हलवता दिलात तर पुन्हा भरणारच. "नको, मी चहा-कॉफी घेत नाही" हे आपल्याकडचं ठेवणीतलं वाक्य इथे अजिबात काढू नका. निदान एक घोट घ्या. शेवटी धूप आणि अत्तर फिरतं. ते झालं की उठायचं, गप्पा कितीही रंगलेल्या असोत.

आणि त्यांना परत बोलवा! आपल्या बायका चार ठिकाणी कहवा पिऊन येतात आणि स्वतःचं दार बंद ठेवतात, "घर लहान आहे" म्हणून. खजूर आणि थर्मास पुरतो. बाईचा मान तिच्याकडे कोण येतं आणि ती कुणाकडे जाते यावर मोजला जातो. मोठ्या घरची बाईसुद्धा गरीब शेजारणीकडे जाऊन बसते.

सगळ्यात महाग पडते ती दुखवट्याची चूक. शेजारी कुणी गेलं तर पहिल्या तीन दिवसांत जायचंच. भाषा येत नाही, आपण हिंदू, तिथे काय करणार, असल्या सबबी मी दर वर्षी ऐकते. "अहसनल्लाहु अझाकुम" (देव तुमचं सांत्वन करो) एवढं म्हणा आणि गप्प बसून राहा. न गेलेली बाई वर्षानुवर्षं लक्षात राहते. मग तुमच्या बाळंतपणात कुणी फिरकलं नाही की "इथले लोक थंड" म्हणू नका. विधवेची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे पाळायचा काळ, चार महिने दहा दिवसांची असते. त्या काळातही बायकांनी भेटायला हरकत नाही.

बाळाचं कौतुक करताना आधी "माशाल्लाह". दृष्टीची भीती आपल्याइतकीच आहे. बायकांचे फोटो काढू नका, विचारूसुद्धा नका.

शाकाहारी असाल तर निमंत्रण येताच सांगा, ऐन ताटावर नको. भातावर बकरा आलेलाच असतो. ओमानी हलव्यात स्टार्च, साखर, तूप, केशर, गुलाबपाणी असतं, पण काही जण अंडंही घालतात, तेव्हा विचारून खा.