ऑर्बानच्या फॅमिली पॉलिसीचा फॉरवर्ड आला तर तो तपासायचा कसा

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोनतीन महिन्यांनी तोच फॉरवर्ड फिरून येतो. हंगेरीत लग्न करा मुलं काढा, सरकार एक कोटी देतं, चार मुलं झाली की आईला जन्मभर टॅक्स माफ, आणि खाली हात जोडलेले इमोजी. मग एखादा भाचा लिहितो की तो ऑर्बान हुकूमशहा आहे, काका चिडतात, आणि दोन दिवस ग्रुपवर गुड मॉर्निंग पण येत नाही. गंमत म्हणजे फॉरवर्डमधलं बरंचसं खरं असतं, फक्त अर्धवट असतं. म्हणून असल्या नेत्याची भूमिका कशी वाचायची ते लिहितोय, उदाहरण २०१० मध्ये हंगेरीचा पुन्हा पंतप्रधान झालेल्या व्हिक्टर ऑर्बानचंच.

सगळ्यात आधी चलन बघा. एक कोटी खरंय, पण फोरिंट. साधारण चार फोरिंटला एक रुपया धरा, म्हणजे झाले पंचवीसेक लाख. आणि हे बक्षीस नाही, कर्ज आहे! २०१९ च्या फेब्रुवारीत ऑर्बानने सात कलमी योजना जाहीर केली त्यातलं हे बिनव्याजी कर्ज. तेव्हाचे नियम असे की जोडपं लग्न झालेलं पाहिजे, बायको १८ ते ४० मधली, आणि पाच वर्षांत पहिलं मूल झालं नाही तर व्याजाची सवलत गेली. पहिलं झालं की तीन वर्षं हप्ते थांबतात, दुसरं झालं की उरलेल्यातले ३० टक्के माफ, तिसरं झालं की राहिलेलं सगळं माफ. आता यात घटस्फोट झाला, मूल होतच नाहीये, असं काही झालं तर काय, हा प्रश्न फॉरवर्डमध्ये कधीच नसतो.

मग खरं काम, म्हणजे पात्रता वाचा. नेता भाषणात 'कुटुंब' म्हणतो तेव्हा कुठलं कुटुंब हे फॉर्मवरच्या अटींमध्ये कळतं. मला स्वतःला ऑर्बान समजला तो दोन आकड्यांवरून. तिकडे दर मुलामागे सगळ्यांनाच मिळणारा एक सरकारी भत्ता आहे, गरीब श्रीमंत काही न बघता. एका मुलाला महिना १२,२०० फोरिंट, म्हणजे तीनेक हजार रुपये, आणि हा आकडा २००८ पासून निदान २०२५ पर्यंत तरी हललाच नाही, महागाई कुठल्या कुठे गेली तरी. दुसरीकडे २०११ पासून तीन मुलांच्या घराला दर मुलामागे महिना ३३,००० फोरिंटपर्यंत टॅक्स वाचवायची सोय केली, म्हणजे तिघांचे ९९,०००, आणि २०२५ मध्ये ती अजून वाढवायला घेतली. पण टॅक्स वाचवायला आधी टॅक्स भरण्याइतका पगार पाहिजे ना! दोघं नोकरीला, पगार बऱ्यापैकी, त्यांना पूर्ण फायदा. ज्या गावात कामच नाही तिथल्या तीन मुलांच्या आईला ते गोठलेले भत्त्याचे पैसे. हे चुकून झालेलं नाही, सरकारचं म्हणणंच होतं की आधार काम करणाऱ्याला द्यायचा. पटो न पटो, भूमिका ही आहे, आणि ती 'जास्त मुलं'पेक्षा बरीच वेगळी आहे.

तिसरं, वजन बघा. भाषण, सरकारी आदेश, कायदा आणि राज्यघटना या चार वेगळ्या गोष्टी आहेत. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, हे २०१२ पासून लागू झालेल्या घटनेतच आहे, आणि २०२० च्या शेवटी त्यात आई ही स्त्री आणि बाप हा पुरुष हेही घातलं, म्हणजे नंतर कोणी आलं तरी बदलायला दोन तृतीयांश मतं लागणार. याउलट गर्भपात. कोणी म्हणतं ऑर्बानने तो बंद केला. नाही केला, १९९२ चा कायदा तसाच ठेवला, २०२२ मध्ये फक्त आदेश काढला की आधी बाईला गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकवायचे. आणि २०२१ चा लहान मुलांना समलैंगिकतेबद्दल काही दाखवायला बंदी घालणारा कायदा, तो वेगळ्याच वादात गेला, युरोपियन कोर्टापर्यंत.

माघार कुठे घेतली तेही शोधा, मला तर ते सगळ्यात बोलकं वाटतं. २०१५ च्या मार्चमध्ये रविवारी मोठी दुकानं बंद, का तर रविवार घरच्यांसाठी. लोक वैतागले, शनिवारी सुपरमार्केटात ही गर्दी, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये सरकारने कायदा मागे घेतला. परंपरा वगैरे ठीक, पण दूध संपलं की संपलं!

रिझल्टचा आकडा एकट्याने वाचू नका. एका बाईमागे सरासरी मुलं २०११ ला १.२३ होती, २०२१ ला १.५९ झाली, आणि समर्थक इथेच थांबतात. पण त्याच काळात जवळच्याच चेक प्रजासत्ताकात १.४३ वरून १.८३ झाली, आणि तिथे ऑर्बान नव्हता. शिवाय २०२४ पर्यंत हंगेरीचा आकडा पुन्हा १.४ च्या खाली आला. म्हणून पैशाचा काहीच उपयोग झाला नाही असंही म्हणता येत नाही, घसरण अजून वाढली असती का हे कोण सांगणार.

आणि हो, माणसंही बघा. कातालिन नोवाक आधी कुटुंब खात्याची मंत्री, मग २०२२ ला राष्ट्राध्यक्ष, या धोरणाचा चेहराच म्हणा. बालगृहातलं लैंगिक शोषण दडपायला मदत केलेल्या माणसाला तिने माफी दिली होती, ते बाहेर आल्यावर २०२४ च्या फेब्रुवारीत राजीनामा द्यावा लागला.

आपल्याकडे हा फॉरवर्ड अलीकडे जास्त फिरतोय कारण २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपुरात मोहन भागवतही २.१ च्या आकड्याबद्दल, म्हणजे लोकसंख्या टिकायला एका बाईमागे सरासरी लागणाऱ्या मुलांबद्दल, आणि दोनतीन मुलांबद्दल बोलले. काकांना मी एवढंच विचारलं, की महाराष्ट्रात २००५ चे लहान कुटुंबाचे नियम आहेत, तिसरं मूल असेल तर सरकारी नोकरी नाही, आणि वेगळ्या कायद्याने ग्रामपंचायतीलाही उभं राहता येत नाही, मग आधी हे काढायचं का ते ऑर्बानचं कर्ज आणायचं? निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.