लॅक्रॉसच्या गोलमध्ये परतल्यावर चेंडूची भीती कशी गेली

काही वर्षांच्या खंडानंतर अमेरिकेतील मेरीलँडमध्ये लॅक्रॉसच्या, म्हणजे जाळीदार काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याच्या खेळाच्या, प्रौढ संघात गोलरक्षक म्हणून परतलो, तेव्हा हातांची चपळाई शाबूत होती, पण प्रत्येक फटक्याला डोळे मिटत, मान वळे आणि वजन टाचांवर जाई. घन रबराचा, 140 ते 149 ग्रॅमचा चेंडू अंगावर येताना असे होणे स्वाभाविकच आहे. मात्र अंग वळवले की छाती-पोटावरचे संरक्षक कवच बाजूला राहते आणि उघडा भाग समोर येतो, म्हणजे भीतीमुळेच इजेची शक्यता वाढते.

प्रथम साहित्य बदलले. छातीवरील आघाताने हृदयाची लय बिघडू नये यासाठी नॉकसी (NOCSAE) या क्रीडासाहित्याच्या सुरक्षेची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने ठरवलेल्या मानकाचे कवच आणि हेल्मेटला गळारक्षक घेतला. नियमाने सक्तीचे नसले तरी नडगीचे पॅडही बांधले, त्याबद्दल तरुण खेळाडू हसले तर हसोत. त्यानंतर सहकाऱ्याला जवळून टेनिसचे चेंडू मारायला सांगितले, कारण त्यांचा आकार जवळपास तेवढाच असला तरी वजन निम्म्याहून कमी असते. सुरुवातीला काठी बाजूला ठेवून, फक्त हातमोज्यांनी चेंडू अडवत, तो हाताला लागेपर्यंत डोळे उघडे ठेवायचे एवढेच काम होते.

खरा फरक पडला तो पुढे पाऊल टाकण्याने. नजर फटका मारणाऱ्याच्या खांद्यांवर न ठेवता त्याच्या काठीच्या जाळीतील चेंडूवर ठेवून, चेंडू सुटताच काठीवरचा वरचा हात आणि चेंडूच्या बाजूचा पाय एकदम चेंडूकडे नेला, की मागे सरकायला शरीराला सवडच मिळत नाही. खऱ्या चेंडूकडे वळलो ते लांबून, हळू फटक्यांनी. मांडीवर काळेनिळे डाग अजूनही पडतात.