आमवात, ल्युपस आणि बाळाचा विचार: आधी गोळ्यांचे दोन ढीग करा

नागपूरच्या धंतोलीत आमचं औषधांचं दुकान आहे. आजूबाजूला दवाखानेच दवाखाने, त्यामुळे भंडारा, गडचिरोली, पार छिंदवाड्याहून आलेल्या बायका चिठ्ठी घेऊन काउंटरशी उभ्या असतात. आमवात किंवा ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) असलेली नवी सून सोबत असली की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुतेक वेळा सासूबाईच विचारतात, "मॅडम, आता बाळाचं पाहून राहिलो, तर या साऱ्या गोळ्या बंद करून टाकू न?"

साऱ्या नाही. आणि स्वतःच्या मनाने तर एकही नाही. गोळ्या एकदम सोडल्या की आजार उसळतो, आणि उसळलेल्या आजारात राहिलेलं गरोदरपण आई-बाळ दोघांनाही जड जातं.

मी पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या काउंटरवर ठेवायला सांगते आणि त्यांचे दोन ढीग करते. हे तुम्ही घरीही करा. नावं कागदावर उतरवा आणि तो कागद संधिवाताच्या डॉक्टरांपुढे ठेवा. बदल तेच करतील, पण काय विचारायचं हे तुम्हाला ठाऊक असेल.

पहिला ढीग, बाळ पोटात असताना न चालणाऱ्या औषधांचा. सगळ्यात वर मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायची ती गोळी. तिच्यामुळे गर्भ पडू शकतो, बाळात व्यंग येऊ शकतं. दिवस राहण्याआधी १ ते ३ महिने ती बंद झालेली हवी. मी तर ३ महिनेच धरा म्हणते. लेफ्लुनोमाइड त्याहून चिवट. बंद केल्यावरही ते अंगात कधीकधी २ वर्षांपर्यंत रेंगाळतं, म्हणून कोलेस्टायरामिनची पावडर देऊन ते बाहेर काढतात आणि रक्त तपासून खात्री करतात. मायकोफेनोलेट किमान ६ आठवडे आधी थांबवतात. त्याच्या जागी बहुधा अॅझाथायोप्रिन येतं आणि त्यावर आजार शांत राहतो का, हे काही महिने पाहावं लागतं. सायक्लोफॉस्फामाइडला ३ महिने. हे औषध स्त्रीबीजांवरही परिणाम करतं, म्हणून ते सुरू होण्याआधीच "मला पुढे मूल हवं आहे" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. टोफासिटिनिब आणि किडनीसाठी दिलेल्या रॅमिप्रिल, एनालाप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्याही याच ढिगात.

दुसरा ढीग चालू ठेवायच्या औषधांचा, आणि घरची माणसं नेमका यालाच हात घालतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे एचसीक्यू, "मलेरियाची गोळी" म्हणून सोडून देऊ नका. ल्युपसमध्ये गरोदरपणातला तोच मोठा आधार आहे. सल्फासालाझिन चालतं, सोबत फॉलिक अॅसिड हवं. (नवरा ते घेत असेल तर शुक्राणूंची संख्या तात्पुरती घटते, औषध थांबवल्यावर पूर्ववत होते. तपासणी फक्त सुनेचीच करू नका.) अॅझाथायोप्रिन चालतं, कमी डोसचं स्टेरॉइड चालतं. अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनंही बऱ्याचदा चालू ठेवता येतात. शेवटच्या महिन्यांत काय करायचं ते डॉक्टर ठरवतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर मात्र विचारूनच घ्या. त्यांनी बीज सुटायला अडथळा येऊ शकतो, आणि २० आठवड्यांनंतर त्या टाळायच्याच.

औषधं बदलली की लगेच घाई नको. आजार ६ महिने तरी शांत असावा. ल्युपसने किडनी धरली असेल तर लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन पाहूनच पुढचं पाऊल.

या मधल्या काळात पाळणा लांबवायचं पक्कं साधन लागतं, आणि त्याबद्दल सासूबाईंसमोर कुणी बोलत नाही. म्हणून मी मुलीला जरा बाजूला घेते. मेथोट्रेक्सेट सुरू असताना नुसत्या निरोधवर विसंबू नकोस, हे तिला सांगते. कॉपर-टी जवळपास सगळ्यांना चालते, सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात. माला-एन या पाळणा लांबवायच्या गोळीत इस्ट्रोजेन असतं. ल्युपस उसळलेला असेल किंवा अँटिफॉस्फोलिपिड (रक्तात गुठळ्या करणारी प्रतिपिंडं शोधणारी) तपासणी पॉझिटिव्ह असेल तर ती नको, रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. अशा पॉझिटिव्ह बायकांनी आणि बरीच वर्षं स्टेरॉइड घेणाऱ्यांनी 'अंतरा' हे पाळणा लांबवायचं इंजेक्शनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. स्टेरॉइडने आधीच हाडं ठिसूळ होतात, त्यात त्याची भर नको.

आधी करायच्या रक्ततपासण्यांत दोन महत्त्वाच्या. एक अँटी-रो आणि अँटी-ला, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाकडे जाणारी प्रतिपिंडं. अँटी-रो पॉझिटिव्ह आलं तर घाबरून बाळाचा विचार सोडू नका. अशा आयांच्या १०० बाळांपैकी साधारण २ बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांत अडथळा येतो. म्हणून १६-१८ आठवड्यांपासून २६ पर्यंत पोटातल्या बाळाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून लक्ष ठेवतात, आणि एचसीक्यूने हा धोका कमी होतो. दुसरी अँटिफॉस्फोलिपिडची. ही पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा करायची. ज्यांचा गर्भ मागे वारंवार पडला आहे, त्यांनी तर ही कराच. अशा कितीतरी सुनांना "हिलाच टिकत नाही" हे ऐकावं लागतं, आणि कारण रक्तात असतं. त्यावर हेपॅरिनचं इंजेक्शन आणि कमी डोसची अॅस्पिरिन हा उपाय आहे.

ते इंजेक्शन घरीच घेता येतं. बेंबीपासून दोन इंच तरी दूर, पोटाची कातडी चिमटीत धरून सुई सरळ आत घालायची, नंतर चोळायचं नाही, रोज जागा बदलायची. ते २५ अंशांच्या वर ठेवू नये, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो. एसटीने गोंदियाला निघालेल्यांना मी थर्मासची पिशवी आणायला सांगते. इंजेक्शन बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही, गोठलं तर ते वाया गेलं.

मेथोट्रेक्सेट सुरू असतानाच किटवर दोन रेषा आल्या तर? गोळी त्याच दिवशी थांबवा, एक-दोन दिवसांत संधिवाताच्या आणि बाळंतपणाच्या, दोन्ही डॉक्टरांना गाठा. फॉलिक अॅसिडचा डोस ते ठरवतील. प्रत्येक बाळात व्यंग येतंच असं नाही, सोनोग्राफीत बरंच कळतं. मूल ठेवायचं की नाही हा निर्णय तुमचा. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात होऊ शकतो, काही परिस्थितीत २४ पर्यंत. पण कृपा करून दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या घेऊन घरी काही करू नका. मी त्या देत नाही, कुणीही देऊ नयेत.

बाळंतपण कुठे करायचं हे पाचव्या महिन्याच्या आतच ठरवा. मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) असो, मिहानचं एम्स असो की खासगी, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग तिथे आहे का, हे आधी विचारा.

आमवात बऱ्याच जणींना पोटुशीपणात हलका वाटतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत परत उसळतो. नेमकी तेव्हाच मुलगी माहेरी असते, म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायची तारीख आधीच घेऊन ठेवा. एचसीक्यू, सल्फासालाझिन, अॅझाथायोप्रिनवर अंगावर पाजता येतं. प्रेडनिसोलोन दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर असेल तर गोळीनंतर चार तास थांबून पाजा. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, मायकोफेनोलेटवर मात्र पाजू नये. आणि शेवटच्या महिन्यांत अडालिमुमॅब किंवा त्याच प्रकारचं इन्फ्लिक्सिमॅब घेतलं असेल, तर हे बाळंतपणाच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आपल्याकडे बीसीजी जन्मल्याबरोबर टोचतात. अशा बाळाला ती आणि रोटाव्हायरसची लस किमान ६ महिने थांबवावी लागते, आणि बाळाच्या डॉक्टरांना हे लस टोचण्याआधी कळायला हवं.