दुकानदार मंडळी, यंदा वह्या वाटायच्या आधी एवढं बघा

जून आला की बाजारपेठेत वह्यावाटपाचं वारं सुटतं, बॅनर लागतो, पाहुणे तासभर उशिरा येतात आणि पोरं उन्हात ताटकळतात. हेतू चांगलाच असतो हो, पण पैसा भलतीकडेच जातो.

म्हणून माल उचलायच्या आधी शाळेत जा. मुख्याध्यापकांना भेटा, शिवाय शाळा व्यवस्थापन समितीतल्या एक-दोन पालकांनाही विचारा, कारण सर लोक संकोचाने कधीकधी "द्या काय द्यायचं ते" म्हणतात. बहुतेक दानशूर मंडळी पहिली-दुसरीच्या पोरांकडेच धावतात, ती फोटोत गोड दिसतात ना. पण झेडपी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट असतात, दुपारी खिचडी असते. नववीला हे दोन्ही बंद होतं आणि हायस्कूल बऱ्याचदा दुसऱ्या गावाला, म्हणजे पुस्तकंही विकत, डबाही घरचा, वर एसटी. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे पण मुलांना एक तृतीयांश भाडं भरावं लागतं, आणि घरात तंगी असली की तेवढ्यावरूनही पोरगा कामाला लागतो. तर नववी-दहावीचे पुस्तकांचे संच आणि मुलांचे पास, माझ्या मते सुरुवात इथूनच करा.

वाटप कसं करायचं? स्टेजवर नाही. स्टेशनरीवाला, चपलांचं दुकान, कापडवाला, टेलर असे चार-पाच जण एकत्र या आणि चिठ्ठ्या छापून घ्या, त्यावर फक्त नंबर, वस्तू आणि शाळेचा शिक्का, पोराचं नाव नको. चिठ्ठ्या वर्गशिक्षक गुपचूप देतील, त्यांना घरची परिस्थिती माहीत असते. मग आई पोरीला घेऊन रोजच्या गिऱ्हाईकासारखी दुकानात येणार, पोरगी बूट घालून दोन पावलं चालून बघणार, "काका हा चावतोय, एक नंबर मोठा द्या" म्हणणार. स्टेजवर मिळालेला बूट कुणी बदलून मागत नाही, तो घरी पडून राहतो. महिनाअखेरीला सगळ्यांनी चिठ्ठ्या एकत्र करायच्या आणि हिशोब खरेदीच्या भावाने लावून सारखा वाटून घ्यायचा. न खपलेला माल यात ढकलायचा नाही, हे आधीच ठरवा नाहीतर पुढे वाजतं! आणि पोरांचे फोटो स्टेटसला टाकू नका.

टॅक्सचं थोडक्यात. सीएसआरची, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजकामावर खर्च करायची, सक्ती मोठ्या कंपन्यांना, आपल्याला नाही. देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट (८०जी) नोंदणी असलेल्या संस्थेला पैसे दिले तरच, वस्तू दिल्या तर नाही, २००० च्या वर रोख दिली तरी नाही, आणि नव्या टॅक्स पद्धतीत तर ती मिळतच नाही. फुकट दिलेल्या मालाच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं जे क्रेडिट आपण घेतो, तेही परत करावं लागतं, सीएला आधीच सांगून ठेवा.

बीड-नगरकडच्यांनी अजून एक करा, सगळ्या चिठ्ठ्या जूनमध्ये संपवू नका. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, काही पोरं मागे आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर राहतात, त्यांना तेव्हा वही नको असते, स्वेटर, चादर, अंगाचा साबण, डोक्याचं तेल लागतं. त्यासाठी निम्म्या चिठ्ठ्या ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवा आणि किराणावाल्यालाही सोबत घ्या.