परतीचा वायू पायांच्या वेगाने मोजा

ग्रीसच्या केआ बेटाजवळ १९१६ साली बुडालेलं ‘ब्रिटानिक’ हे जहाज सुमारे १२० मीटर खोल आहे आणि त्याची लांबी २६९ मीटर. एवढं जहाज एका बुडीत बघायचं तर पाण्याखालची स्कूटर हवीच. पण परतीचा वायू, म्हणजे परत येण्यासाठी राखून ठेवायचा श्वासाचा वायू, तिच्या वेगावर कधीही मोजू नका. दुसऱ्या टोकाला ती बंद पडली, तर वर जाण्याच्या दोरापर्यंत पाय मारत यावं लागेल. त्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या १३ पट, म्हणजे सिलिंडरमधून प्रत्येक श्वासाला वायूही १३ पट जातो. धडपडीत श्वास वाढतो तो वेगळाच. रीब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरू देणारं उपकरण) वापरत असाल, तरी आणीबाणीच्या सिलिंडरचा हिशेब असाच धरा.

जोडीदाराच्या स्कूटरने ओढत येण्याचा सराव आधी उथळ पाण्यात करा, वेळ घड्याळावर बघा आणि तोच आकडा नियोजनात घ्या. प्रवाह असेल तर आधी त्याच्या विरुद्ध दिशेला जा. जहाजाच्या आत मात्र स्कूटर चालवू नका. पंख्याने गाळ उठला की बाहेरची वाट दिसत नाही. स्कूटर दाराबाहेर पक्की अडकवून ठेवा आणि तिथूनच मार्गदर्शक दोरी आत न्या.