सलाईन म्हणजे कंट्रोल नव्हे

१९११ साली लेनर्ड नून यांनी परागांच्या ॲलर्जीवर उपचार म्हणून गवताच्या परागांचाच अर्क थेट माणसांना टोचला. तोच उपचार तपासायला आपल्याला आधी उंदीर, आणि त्याआधी प्राणी-नैतिकता समिती.

उंदराला दमा आणणं सोपं आहे. बाल्ब-सी जातीचे उंदीर, पोटात ॲलमसोबत (प्रतिकारशक्तीला डिवचणारा क्षार) अर्क, मग नाकातून अर्क, की फुफ्फुस धुतलेल्या पाण्यात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरभरून येतात. त्यावर मी जास्त बोलत नाही.

माझं घोडं अडलं ते उपचारात. पावसाळा सरताना सांग्याकडच्या माळावरून गवताचे पराग गोळा केले, अर्क केला, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळला. उपचाराच्या गटाला तो टोचला, तुलनेच्या, म्हणजे कंट्रोल गटाला नुसतं सलाईन. इओसिनोफिल घटले, श्वासनळ्या आवळणाऱ्या मेथाकोलीन या रसायनालाही त्या कमी आवळल्या. फोंड्याला आईला फोन केला, काम झालं म्हणून. ती म्हणाली, "मग चतुर्थीक येतली मगो?"

चतुर्थी हुकलीच. बाहेरच्या परागांवर जिवाणू असतात. फिल्टर जिवाणू अडवतो, पण त्यांच्या भिंतीतलं विष, एंडोटॉक्सिन, सहज पार होतं. ऑटोक्लेव्हच्या दाबाखालच्या वाफेलाही ते दाद देत नाही. काचसामान २५० अंशांवर अर्धा तास कोरडं तापवावं लागतं. आणि मोठ्या मात्रेत एंडोटॉक्सिन स्वतःच उंदराची प्रतिकारशक्ती ॲलर्जीच्या टीएच-२ वाटेवरून जंतूंशी लढणाऱ्या टीएच-१ वाटेकडे वळवू शकतं. म्हणजे दमा कमी झाला तो परागाच्या प्रथिनामुळे की घाणीमुळे, हे माझ्या प्रयोगातून कळणारच नव्हतं. एंडोटॉक्सिन काढलेला अर्क दिला, तर निम्मा फरक गायब. आठ महिने पाण्यात.

म्हणून अर्काची एलएएल चाचणी, म्हणजे एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी, आधी करा. तीही डोळे मिटून नको, बीटा-ग्लुकन (बुरशीच्या भिंतीतली साखर) असेल तर ती फसवी पॉझिटिव्ह येते. आणि कंट्रोलमध्ये तेवढंच एंडोटॉक्सिन घाला, पराग वगळून. हा गट पहिल्याच अर्जात लिहा, नाहीतर उंदरांची संख्या वाढवायला पुन्हा समितीपुढे उभं राहावं लागतं. "जुना प्रोटोकॉल आहे, तसाच चालव" म्हणणारे सिनिअर प्रेमळ असतात, पण एलएएलचा आकडा विचारलात की त्यांना अचानक चहा आठवतो.

घाबरू नका मात्र. दुसऱ्या फेरीत फरक लहान आला, पण खरा. उपचाराच्या सुरुवातीला आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं प्रतिपिंड, वाढलेलं दिसेल. उपचार उलटला असं समजू नका, ते माणसांतही वाढतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी कोल्ड रूममध्ये जाऊन रडले होते, तेही स्वेटर न घालता.