जुनी स्कॉर्पिओ पाहताना: आधी कागद, मग चेसिस, इंजिन शेवटी

महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली आणि आजही महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी दहा-पंधरा वर्षे वापरलेली एखादी स्कॉर्पिओ विकायला असतेच. ती पाहायला गेलेला माणूस बहुधा आधी रंग न्याहाळतो, मग बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि कागदपत्रे मागतो ती सौदा ठरल्यावर. वास्तविक हा क्रम उलटा असायला हवा. इंजिनाचे काम करून घेता येते आणि क्लचप्लेट बदलता येते, परंतु एकदा वाकलेली चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, क्वचितच पूर्ववत होते आणि अडकलेले कागद नुसते पैसे मोजून सुटत नाहीत.

म्हणून गाडी पाहायला निघण्यापूर्वीच आरसी बुकाचा फोटो मागवावा आणि परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि बोजा, म्हणजे गाडीवर नोंदलेले कर्ज, तपासावा. कर्ज फिटले असले तरी बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय बोजा उतरत नाही; विकणारा ‘कर्ज कधीच संपले’ असे सांगतो तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही, पण काम अर्धवट राहिलेले असते. गाडी प्रत्यक्ष पाहताना चेसिसवर कोरलेला क्रमांक आणि इंजिन क्रमांक आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवावा. क्रमांकाभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या, तर किंमत कितीही कमी असो, तेथून निघावे. आणखी एक धोका कोऱ्या टीटी फॉर्मचा, म्हणजे मालकी हस्तांतराच्या अर्जांचा. मूळ मालकाने सह्या करून दिलेले फॉर्म २९ आणि ३० दोन-तीन हातांतून फिरत राहतात आणि समोर बसलेल्या विक्रेत्याचे नाव आरसीवर कधी आलेलेच नसते. अशा वेळी नोंदणीकृत मालकाशी प्रत्यक्ष भेट झाल्याशिवाय बयाणाही देऊ नये.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर भरून ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त वाटते त्यामागे बरेचदा हा खर्चच असतो. दिल्लीहून आलेल्या गाड्यांचे प्रकरण याहून नाजूक आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना त्या परिसरात मज्जाव केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो कायम ठेवला. तेव्हापासून तिकडच्या सुस्थितीतल्या डिझेल गाड्या इतर राज्यांत कमी भावाने येऊ लागल्या. तिकडच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हाती असेल आणि येथे भरावा लागणारा कर किमतीत धरला असेल, तरच अशी गाडी पाहावी.

आता चेसिस. स्कॉर्पिओची बॉडी शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर बोल्टने बसवलेली असते, त्यामुळे मोठ्या अपघातानंतरही डेंटिंग-पेंटिंग करून वरून गाडी नवीकोरी दाखवता येते. खरी हकिकत खालून कळते. यासाठी गाडी रॅम्पवर चढवून घ्यावी. विकणारा त्याला तयार नसेल, तर त्यातूनच बरेच समजते. पुढच्या चाकांच्या पुढे येणाऱ्या लांब पट्ट्यांच्या टोकांवर सुरकुत्या, ठोकल्याच्या खुणा किंवा नंतर केलेले वेल्डिंग आहे का, हे टॉर्चच्या उजेडात पाहावे. संपूर्ण बुडाला नुकताच काळा रंग मारलेला असेल, तर तो सौंदर्यासाठी मारलेला नसतो. कोकण, मुंबई किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या गाडीत आडव्या पट्ट्यांचे जोड आणि बॉडी माउंटच्या, म्हणजे बॉडी सांगाड्यावर बसते त्या, जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहाव्यात; खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला आणि खपल्या पडल्या, तर गंज आत पोहोचलेला आहे. त्यानंतर कोणाला तरी गाडी सरळ रस्त्यावर हळू चालवायला सांगून आपण मागे उभे राहावे. मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेत न धावता गाडी तिरकी जात असेल, तर सांगाडा वाकला आहे किंवा मागची अ‍ॅक्सल सरकली आहे.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे तुलनेने सोपे आहे. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. गालिचा उचलून वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आणि सीटच्या रुळांवर गंज शोधावा. सुगंधी फवारा नको इतका मारलेला असेल, तर नाकावर भरवसा ठेवावा.

इंजिन नेहमी थंड असताना सुरू करावे. पोहोचल्याबरोबर बॉनेटला हात लावावा. ते गरम असेल, तर काहीतरी लपवण्यासाठी गाडी आधीच तापवून ठेवली असण्याची शक्यता धरावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता यावे. निळसर धूर टिकून राहिला तर ऑइल जळते आहे, काळा धूर सतत येत असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेचा मार्ग तपासावा लागेल, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांमधल्या पॅकिंगचा, संशय घ्यावा. चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहिल्यास ‘बॅक कॉम्प्रेशन’, म्हणजे पिस्टनच्या रिंगांजवळून खाली निसटणारा वायू, कळते. डिझेल इंजिनात थोडी वाफ येणारच, त्यामुळे एवढ्याने बिचकू नये. मात्र झाकण उडू लागले, तर रिंगा आणि बोअर झिजलेले आहेत. रेडिएटरचे झाकण फक्त थंड असतानाच उघडावे. कुलंट गंजके किंवा तेलकट नसावे. सुरुवातीचे २.६ लिटरचे इंजिन आणि नंतरचे २.२ लिटरचे एमहॉक यांत दुसरे अधिक घ्यावेसे वाटते, पण सांभाळलेले जुने इंजिन दुर्लक्षित एमहॉकपेक्षा केव्हाही बरे.

चालवून पाहताना घाटासारखा चढ निवडावा. वरच्या गिअरमध्ये रेस वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच संपला आहे. चारही चाकांना जोर देणारी आवृत्ती असेल, तर ती सोय डांबरी रस्त्यावर न तपासता मोकळ्या मातीत, सरळ रेषेत तपासावी. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. पेडलचे रबर आणि सर्व्हिसची बिले अधिक बोलतात. टायरवरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे ‘३२१६’ हा २०१६ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला टायर.

सौदा ठरला की थकीत ई-चलन विक्रेत्याकडून भरून घ्यावे, रक्कम नोंदणीकृत मालकाच्याच खात्यात द्यावी आणि ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी. विम्याच्या हस्तांतराचा अर्ज १४ दिवसांच्या आत करावा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, खरेदीदाराला मिळत नाही, तेव्हा त्या फरकाची रक्कम आधीच हिशेबात धरावी.